काय मिळणार नाही, ते आधी

घारपुरे कुणाच्याही घरी गेले, की यजमानांच्या आधी वॉशिंग मशीनला भेटतात. आपण "या, बसा" म्हणेपर्यंत ते न्हाणीघरात पोचलेले असतात. गुडघे टेकून, मान तिरकी करून मशीनच्या मागे टॉर्च मारतात, पाण्याची नळी दोन बोटांनी चाचपतात, आणि मग बाहेर येऊन सोफ्यावर टेकत म्हणतात, "वर्षभर काढेल." त्यानंतर चहा घेतात.

आमची ओळख अशीच झाली. पुण्याहून जर्मनीतल्या इंगोलश्टाटला येऊन आम्हाला जेमतेम नऊ दिवस झाले होते. मी ऑफिसात होतो. दाराची घंटा वाजली म्हणून माझ्या बायकोने, मृणालने दार उघडलं, तर समोर पन्नाशी उलटलेले, सडपातळ, शर्टाच्या खिशाला तीन पेनं लावलेले एक गृहस्थ. "मी घारपुरे. तुमच्या बरोबर खाली राहतो. मशीन कुठे ठेवलंय?" मृणालला वाटलं, घरमालकाने प्लंबर पाठवलाय. परक्या देशात नवव्या दिवशी मराठी प्लंबर मिळाल्याचा तिला इतका आनंद झाला, की तिने स्वयंपाकघरातला गळका नळही दाखवून टाकला. घारपुऱ्यांनी तो दुरुस्त केला, हात धुतले आणि निघताना सांगितलं, की ते मोटारींच्या कारखान्यात सीनियर इंजिनियर आहेत. मृणाल त्यांना किती पैसे द्यायचे हे विचारण्याच्या बेतात होती.

कारखान्यात त्यांचं काम म्हणजे गाडीची दारं मोडणं. नवीन गाडीचं दार उघडायचं, आपटायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा आपटायचं, ते बिजागरीतून निखळेपर्यंत. आता हे यंत्र करतं, घारपुरे शेजारी बसून मोजतात. वीस-बावीस वर्षं हे केल्यावर माणसाचा जगाकडे बघण्याचा दृष्टिकोन तयार होतोच. घारपुऱ्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू मोडणार आहे. प्रश्न फक्त कधी, आणि तेव्हा आपल्याकडे कागद असणार आहे का, एवढाच. कागद मात्र त्यांच्याकडे असतो. इस्त्री, टोस्टर, मिक्सर, कानातले केस कापायचं यंत्र, सगळ्यांची वॉरंटी कार्डं त्यांच्याकडे फायलीत लावलेली आहेत. मिक्सर केव्हाच भंगारात गेला, कार्ड अजून आहे.

"हाउसराट कुणाची घेतलीत?" त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं.

मला वाटलं, ही इथली एखादी कुत्र्याची जात असावी. मी म्हटलं, "आम्हाला प्राण्यांची फारशी आवड नाही."

हाउसराट म्हणजे घरातल्या सामानाचा विमा, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. घर उचलून उलटं करून हलवलं, तर जे जे खाली पडेल ते सगळं त्यात येतं. माझ्याकडे बँकेतल्या मुलीने दिलेलं एक रंगीत माहितीपत्रक होतं. त्यावर एक सोनेरी केसांचं कुटुंब हिरवळीवर हसत बसलं होतं. त्यांच्यासारखं हसायला मिळणार असेल तर सही करावी, अशा विचारात मी होतो. तसा मी सही करण्यात दिलदार माणूस आहे. घारपुऱ्यांनी ते पत्रक माझ्या हातातून काढून घेतलं, हसरं कुटुंब पालथं घातलं आणि मागच्या पानावरचा मुंगीएवढा मजकूर माझ्यापुढे धरला.

"अहो कुलकर्णी, काय मिळेल ते सगळेच सांगतात. काय मिळणार नाही, ते आधी!"

हे त्यांचं ब्रीदवाक्य. लग्नपत्रिका आली तरी ते असंच वाचतात, असा मला संशय आहे.

माझी पॉलिसी निवडायला त्यांनी तीन रविवार घेतले. पहिला रविवार पाण्याचा. घरात पाणी आलं आणि सामान भिजलं, तर भरपाई मिळते, एवढं मला कळलं होतं. घारपुऱ्यांनी कीव केल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "कुठलं पाणी?" नळाच्या पाइपातून आलेलं पाणी चालतं. उघड्या खिडकीतून आलेलं पावसाचं चालत नाही. डोनाव नदी फुगून जिन्याने वर आली, तर तिच्यासाठी वेगळं कलम, ते वेगळं मागून घ्यायचं. "तेव्हा पाणी आलं, की आधी त्याला विचारायचं, बाबा रे, तू कुठला? मग पुसायला घ्यायचं."

दुसरा रविवार रकमेचा. मी म्हटलं, आमचं सामान ते काय, निम्म्याच रकमेचा विमा काढू, सगळं घर थोडंच जळणार आहे. घारपुऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "निम्म्याचा काढलात, तर एकच खुर्ची जळली तरी निम्मीच खुर्ची मिळेल. बसा मग दोन पायांवर." मग आमच्या घरातल्या वस्तूंची यादी झाली. मृणाल सांगत होती, ते लिहीत होते. "कुकर, दोन. पोळपाट-लाटणं, एक संच. स्वेटर, न घातलेले, सासूबाईंनी विणलेले, तीन." असा तपशील त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि शेवटच्या नोंदीवर चौकशी केली, की न घातलेले का. मृणालने माझ्याकडे बघितलं.

तिसऱ्या रविवारी विमा कंपनीचा माणूस आला. हेर हुबर, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत हुबर, गोरा, गोल, हसतमुख, बगलेत कॅलेंडरची भेट. तो अर्ध्या तासाच्या बोलीने आला होता आणि साबुदाण्याची खिचडी दोनदा घेऊन चार तासांनी गेला. त्याच्या पॉलिसीत काय काय आहे ते त्याला त्या दिवशी कळलं. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात त्याने विचारलं, दागिने कुठे ठेवता? कारण तिजोरीबाहेरच्या दागिन्यांना मर्यादा असते. सोनं कुठे ठेवलंय हे मृणालने मलाही सांगितलं नव्हतं, हुबरला कुठून सांगणार. अखेर घारपुऱ्यांनी मराठीत तिची समजूत काढली आणि तिने दबक्या आवाजात सांगितलं, "तांदळाच्या डब्यात." हुबरने सगळे नियम चाळले. डब्याला कुलूप आहे का, एवढंच तो विचारू शकला. घारपुरे म्हणाले, झाकण फार घट्ट आहे. हे हुबरने लिहून घेतलं नाही, पण त्याने ते उघडायचा प्रयत्न मात्र केला. त्याच्याने उघडलं नाही.

एवढ्या उस्तवारीनंतर मला जी पॉलिसी मिळाली, ती बँकेतल्या मुलीच्या पॉलिसीपेक्षा स्वस्त होती आणि तिच्यात नदीसुद्धा होती. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. त्यानंतर गावातली सगळी मराठी मंडळी आपापली माहितीपत्रकं घेऊन घारपुऱ्यांकडे रांग लावतात, यात मला नवल वाटेनासं झालं.

गणपतीत तर त्यांनी कहर केला. दीड दिवसाचा गणपती त्यांच्याकडे बसायचा, आणि नंदादीप तेवता ठेवायचा ही त्यांच्या आईपासूनची रीत. पण पेटता दिवा सोडून घराबाहेर जाणं हा विमा कंपनीच्या लेखी घोर निष्काळजीपणा, आणि मग काहीही जळलं तरी दमडी मिळत नाही. रीत मोडायची नाही, कलमही मोडायचं नाही. घारपुऱ्यांनी पहाऱ्याचं वेळापत्रक काढलं, दोन-दोन तासांच्या पाळ्या, सहीसकट. मखराशेजारी लालभडक अग्निशामक सिलिंडर. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी त्यालाही कुंकू लावून गेली. माझ्या पाळीत मला डुलकी लागली, याची नोंद त्यांच्याकडे आहे.

आता केतकीबद्दल सांगायला हवं. घारपुऱ्यांच्या पत्नी गेल्या तेव्हा त्यांची मुलगी केतकी अकरावीत होती. तेव्हापासून घरात दोघंच, बाप आणि लेक. घारपुरे पोळ्या करायला शिकले, सुरुवातीला पोळीचा व्यास मोजून. केतकी इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये, आणि अगदी मायेत आली तर दोन्हींची मिसळ. पुढे ती कायझर्सलाउटर्नला इंजिनियरिंग शिकायला गेली. पाच-सहा तासांचा रस्ता. घारपुऱ्यांनी तिच्या सामानाची यादी केली, ट्रेनमध्ये बसवून दिलं आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं, "काळजीचं कारण नाही. ती माझ्याच पॉलिसीत आहे."

ते खरंही होतं. मूल शिकायला बाहेर राहत असलं, तरी कंपनीच्या दृष्टीने ते आईबापांच्याच घरातलं. जोवर त्याने स्वतःचा संसार थाटला नाही, तोवर. हे कलम घारपुऱ्यांना तोंडपाठ होतं. गप्पांत केतकीचा विषय निघाला, की परीक्षा, मार्क वगैरे राहिलं बाजूला, ते हे कलम म्हणून दाखवायचे. "कायद्याने ती अजून याच घरात राहते," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की मी एरवी त्यांची यथेच्छ टिंगल करणारा माणूस, पण तेव्हा गप्प बसायचो.

मग केतकी पास झाली. तिथल्याच एका संशोधन संस्थेत तिला नोकरी लागली. होस्टेलची खोली सोडून तिने दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली, स्वतःच्या नावाने. घारपुऱ्यांनी पेढे वाटले. आणि नंतरच्या रविवारी हुबर, घारपुऱ्यांची पॉलिसीही त्याच्याच कंपनीची, मला जिन्यात भेटला तो घाम पुसत. संसार नेमका कधी सुरू होतो, यावर घारपुऱ्यांनी त्याला दोन तास घुसळून काढलं होतं.

"स्वतःची जागा, स्वतःचा पगार, स्वतःची शेगडी. झाला की संसार!" हुबर माझ्याकडे दाद मागत होता.

तेवढ्यात घारपुरे दारात आले. "कुलकर्णी, तुम्हीच सांगा. लग्न नाही झालेलं. घरात पोळपाट-लाटणं नाही. पोरगी पाव खाऊन राहते. याला संसार म्हणतात?"

हुबरला पोळपाट म्हणजे काय ते सांगण्यात माझी संध्याकाळ गेली. त्याचं म्हणणं, तसली अट कुठेच छापलेली नाही. घारपुऱ्यांचं म्हणणं, ती नसणं हीच पॉलिसीतली उणीव.

मृणालने मला नंतर सांगितलं, की केतकीने बाबांकडे पोळपाट मागितला होता. घरात दोन होते. घारपुरे दर वेळी म्हणायचे, "पुढच्या खेपेला ने, हा जरा चिरलाय, बघतो." चिरबिर काही नव्हती. मला गंमत वाटली, मी मोठ्याने हसलो. मृणाल हसली नाही. ती म्हणाली, "तुला कळत नाहीये. तिने पोळपाट नेला, की ती गेली."

जून महिन्यात केतकीच्या इमारतीच्या तळघरात चोरी झाली. जर्मनीत प्रत्येक घराला तळघरात जाळीची एक खोली मिळते, केलर म्हणतात. सायकल, बॅगा, हिवाळ्यातले बूट, सगळं तिथे. चोराने कुलूप कापून केतकीची सायकल आणि एक बॅग नेली. तिने बाबांना फोन केला. मी तेव्हा त्यांच्याकडेच बसलो होतो. घारपुऱ्यांनी तिला दहा प्रश्न विचारले. तू बरी आहेस ना, हा पहिला, दुसरा आणि सहावा. शेवटी म्हणाले, "काळजी करू नकोस. माझ्या पॉलिसीत आहेस तू. सायकलचं बिल पाठव."

आठ दिवसांत केतकीच्या खात्यात पैसे जमा. मी थक्क झालो. म्हटलं, "हुबरला फोन करून शाबासकी द्यायला पाहिजे. एवढी तत्पर कंपनी!"

"हुबरला काही बोलू नका," घारपुरे घाईने म्हणाले.

"का?"

ते उठून खिडकीपाशी गेले. कुंडीतल्या कढीपत्त्याची दोन पानं उगाच खुडली. "त्याला कळवलेलंच नाही. काय कळवणार? ती पॉलिसीत नाही. जागा घेतली त्याच दिवशी बाहेर पडली. स्वच्छ लिहिलंय."

"म्हणजे हे पैसे..."

"कंपनी मला देते, मी तिला पुढे पाठवतो, असं सांगितलंय तिला. तुम्ही बोलू नका. कुलूप साधं होतं म्हणून थोडे कापले मी. नाहीतर तिला संशय आला असता."

ज्या माणसाने मला कलमं वाचायला शिकवलं, तो एक कलम पूर्ण वाचून, समजून, बाजूला ठेवून बसला होता. मला त्यांच्याबद्दल एकदम फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी त्यांना वॉशिंग मशीनचं काहीतरी विचारलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं. आम्हा दोघांचीही सोय झाली.

जुलैत केतकी चार दिवस घरी आली. एका सकाळी घारपुरे बाजारात गेलेले असताना ती वर आमच्याकडे आली आणि मृणालने केलेल्या पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन बसली.

"निखिलदादा, एक प्रॉब्लेम आहे. बाबांनी मला सायकलचे पैसे पाठवले."

"हो, कंपनीने दिले ना," मी निर्विकार चेहऱ्याने म्हणालो. निर्विकार चेहरा मला साधत नाही.

"नाइन," तिने नकारार्थी मान हलवली. "मला माझ्या कंपनीने दिले. माझी स्वतःची हाउसराट आहे. जागा घेतली ना, त्याच दिवशी काढली. अकरा कंपन्या बघितल्या. घारपुरेंची मुलगी आहे मी!"

मृणालने तिच्या ताटलीत आणखी एक डाव पोहे वाढले.

"मग त्यांना फोन कशाला केलास?" मी विचारलं.

"आल्झो, म्हणजे, चोरी झाल्यावर माणूस बाबांनाच फोन करतो ना. इन्शुरन्सचा काय संबंध?" ती पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढत होती. "आणि त्यांना सांगायचं कसं? सांगितलं, की ते मला त्यांच्या कागदावरून काढणार. नियम म्हणजे नियम. रडत रडत काढतील, पण काढतील. मग त्या घरात कोण राहतं? एकटे ते."

तिने बाबांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले होते. सांगू नका, तीही म्हणाली.

आता माझी अवस्था बघा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. आणि माझ्याकडे बापाचं गुपित लेकीपासून, लेकीचं बापापासून लपवायचं, आणि दोन्ही गुपितं एकच! जिन्यात घारपुरे दिसले, की मी मोबाइल कानाला लावून बोलत असल्याचं सोंग करायचो. ते म्हणायचे, "कुलकर्णी, फोन उलटा धरलाय."

डिसेंबरात केतकी सुट्टीला आली, तेव्हा घारपुऱ्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मसालेभात, टोमॅटोचं सार, व्यासात बसणाऱ्या पोळ्या. जेवणं झाली, केतकी संत्रं सोलत बसली, आणि घारपुऱ्यांनी चष्मा लावून एक पाकीट उघडलं. विमा कंपनीचं पत्र होतं. दोन-चार वर्षांनी कंपनी विचारते, घरात काही बदल झाला आहे का, आणि एक फॉर्म भरून मागते. घारपुऱ्यांना असे फॉर्म दिवाळीच्या फराळासारखे प्रिय. मोठ्याने वाचत ते भरायला लागले. घराचं क्षेत्रफळ तेच. नव्या मौल्यवान वस्तू नाहीत. दाराचं कुलूप बदललेलं नाही. त्यांचं पेन भराभर पुढे सरकत होतं.

मग ते थांबलं.

"घरात कायम राहणाऱ्या व्यक्तींची संख्या," त्यांनी वाचलं. या वेळी हळू.

मृणालने माझ्या पायावर पाय ठेवला, मी काही बोलू नये म्हणून. मी बोलणार नव्हतोच. घारपुऱ्यांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता. यंत्राने दार एक लाख तीन वेळा आपटलं, तर ते एक लाख लिहीत नाहीत. आणि खरा आकडा लिहायचा, तर तो होता एक, त्या चौकोनातही एकटा पडेल असा. पेन चौकोनावर टेकलेलं, निळा ठिपका पसरायला लागलेला.

"दोन," केतकी म्हणाली. संत्र्यावरची नजर न काढता.

घारपुऱ्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "कायम, असं लिहिलंय इथे."

"वाचलंय मी."

"पूर्ण वाचलंस? मागचं पान?"

"पूर्ण वाचलंय, बाबा. मागचं पान पण. जागा घेतली तेव्हाच वाचलं." आता तिने वर बघितलं. "लिहा ना. दोन."

बापाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि लेकीने अर्धं संत्रं त्याच्या ताटलीत ठेवलं. मग त्यांनी दोन हा आकडा लिहिला, ठळक, गिरवून. खाली 'वरील सर्व माहिती सत्य आहे' या ओळीपाशी सही केली.

केतकीने फॉर्म पुढे ओढला, वरपासून खालपर्यंत तपासला, अगदी त्यांच्याच पद्धतीने बोट फिरवत, आणि घडी घालून पाकिटात सरकवला.

"श्टिम्ट," ती म्हणाली. म्हणजे बरोबर आहे.

घारपुरे "पाणी आणतो" म्हणून आत गेले. टेबलावर पाण्याचा जग भरलेला होता. आम्ही तिघांनीही त्यांना तसं सांगितलं नाही.